फाइल एक, नोकऱ्या तीन

प्रश्न : मी एका कंपनीत एचआर विभागात काम करते. दर महिन्याला साधारण २५ जण नव्याने रुजू होतात. काही ऑफिसात बसणारे, काही गोदामात काम करणारे. पहिल्या दिवशी त्यांना कंपनीची माहिती देण्याचं काम नुकतंच माझ्याकडे आलं. आधीपासून चालत आलेली ८४ स्लाइडची फाइल आहे, ती संपवायला अडीच तास लागतात. अर्ध्या तासातच लोक पेंगायला लागतात. मी रंग बदलले, ॲनिमेशन टाकली, मध्ये व्हिडिओ घातला, शेवटी प्रश्नमंजूषा ठेवली. तिच्यात सगळ्यांना चांगले गुण पडतात आणि आठवड्याने तेच लोक तेच प्रश्न घेऊन माझ्या टेबलाशी येतात. साहेब म्हणतात, "जरा इंटरेस्टिंग कर, पण काही गाळू नकोस." पुढची बॅच दहा दिवसांवर आलीय. काय करू?

उत्तर : साहेबांनी एका दमात दोन गोष्टी मागितल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत. पण त्यांची भीती खोटी नाही, म्हणून आधी तिचाच बंदोबस्त करू.

तुमची फाइल सध्या तीन नोकऱ्या करतेय. समोर बसलेल्यांना समजावून सांगायचं, ही पहिली. नंतर कुणाला काही शोधायचं असेल तर नियमपुस्तक व्हायचं, ही दुसरी. आणि उद्या कुणी "मला हे सांगितलंच नव्हतं" म्हणालं तर कंपनीच्या बाजूने साक्ष द्यायची, ही तिसरी. नियमपुस्तकात सगळं असावं लागतं, साक्षीलाही सगळं लागतं. समजावून सांगताना मात्र थोडंच ठेवावं लागतं. या ओढाताणीत ८४ स्लाइड होतात. त्यांच्यावर रंग चढवून उपयोग नाही, नोकऱ्या वेगळ्या कराव्या लागतील.

नियमपुस्तकासाठी वेगळा दस्तऐवज करा: सलग मजकूर, अनुक्रमणिका, शोधता येईल अशी पीडीएफ. आत्ताच्या स्लाइडवरचा बहुतेक मजकूर थेट तिथे जाईल. साक्षीसाठी त्याच दस्तऐवजाची पोच घ्या. एका कागदावर कोणकोणती प्रकरणं दिली ते लिहायचं, खाली सही आणि तारीख. कायद्याने तोंडी सांगणं किंवा प्रशिक्षण देणं बंधनकारक असलेले विषय कोणते, ते तुमच्या कायदा सल्लागाराकडून लेखी घ्या. सुरक्षा आणि छळाच्या तक्रारीची यंत्रणा यांसारखे हे विषय सत्रात राहतीलच. ही यादी वाटते त्यापेक्षा बहुधा छोटी निघते. साहेबांना हे तीन कागद एकत्र दाखवले की "काही गाळू नकोस" याचं उत्तर मिळतं: गाळलं काहीच नाही, जागा बदलली.

आता राहिली पहिली नोकरी. इथे स्लाइड उघडू नका, वही उघडा. गेल्या तीन महिन्यांत रुजू झालेल्यांपैकी आठ-दहा जणांना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: पहिल्या आठवड्यात तुमचं काम कुठे अडलं, आणि काय विचारायला संकोच वाटला? पगाराचं काम बघणारे, संगणक विभाग आणि गोदामाचे सुपरवायझर यांना विचारा, नवे लोक तुमच्याकडे वारंवार काय विचारायला येतात? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "रजा धोरणाबाबत संभ्रम" असं लिहिलंत तर त्यातून काही हाती लागणार नाही. "सुट्टी टाकली पण मंजूर झाली की नाही हे कुठे दिसतं?" यातून लागेल. शिवाय तुमच्या टेबलाशी येणारे "तेच प्रश्न" आहेतच. त्यांचा वैताग तुम्हाला झाला असेल, पण या कामासाठी तो फुकटात मिळालेला कच्चा माल आहे.

मग ८४ स्लाइडची प्रत छापून प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हे ऐकून नवीन माणूस या आठवड्यात वेगळं काय करील? "आजारी असेन तर अमुक वेळेआधी सुपरवायझरला फोन करीन" असं उत्तर आलं तर ती स्लाइड राहील. "कंपनीबद्दल अभिमान वाटेल" असं आलं तर नाही राहणार. अभिमान स्लाइडने येत नाही. संस्थापकांचा फोटो, शाखांचा नकाशा, संघटनरचनेचा तक्ता हे सगळं नियमपुस्तकात. त्या तक्त्याचा मोह सुटणार नाही, मला कल्पना आहे. पण ६० चौकटींतून नव्या माणसाला तीनच लागतात: माझा वरिष्ठ कोण, तो नसेल तर कोण, आणि पगाराची अडचण आली तर कोण. ही तीन नावं त्याच्या हातातल्या कागदावर लिहून द्या.

आता वेळ. अडीच तासांचं सत्र दीड तासावर आणा आणि उरलेलं आठव्या आणि तिसाव्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासात विभागा. भविष्य निर्वाह निधी, विमा, वार्षिक मूल्यमापन हे पहिल्या दिवशी सांगून उपयोग नसतो, कारण त्याबद्दलचा प्रश्नच अजून पडलेला नसतो. पहिला पगार हातात आल्यावर पगारपत्रकातली प्रत्येक ओळ लोक कान देऊन ऐकतात.

प्रश्नमंजूषेचं कोडंही वेळेशीच जोडलेलं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. तुमची प्रश्नमंजूषा त्या पाच मिनिटांतली आहे. कानावर नुकतंच पडलेलं सगळे परत सांगतात, त्यावरून पुढच्या मंगळवारचं काही कळत नाही. ती शेवटून उचला. सत्रात विखरून टाका आणि तिसऱ्या दिवशी पाच प्रश्नांचा एक मेसेज पाठवा. गुण देऊ नका. चुकलेल्या उत्तराखाली बरोबर उत्तर आणि नियमपुस्तकातलं पान द्या. थोडं विसरल्यावर आठवायला लागणं, हीच त्यातली कमाई आहे.

सत्रात काय करायचं? जे करून बघता येतं ते सांगायचं नाही, करायला लावायचं. रजेच्या अर्जाची पद्धत तुम्ही बहुधा सहा स्लाइडांत, संगणकाच्या पूर्ण पडद्याचे फोटो टाकून दाखवत असाल. मागच्या रांगेतून त्यातलं अक्षर दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर लॉगिन करू द्या, पासवर्ड बदलू द्या, एक खोटी रजा टाकायला आणि रद्द करायला लावा. याला २० मिनिटं धरा.

हा भाग फसतो तो पूर्वतयारीत. निम्म्यांची खाती तयार नसतात, म्हणून नावांची यादी संगणक विभागाला तीन दिवस आधी द्या आणि आदल्या संध्याकाळी दोन-तीन खाती स्वतः उघडून बघा. २५ जण एकदम जोडले की वाय-फाय मान टाकतं आणि ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. त्यामुळे पाच-पाच जणांना थोड्या अंतराने सुरू करू द्या. ज्याचं खातं उघडत नाही त्याला शेजाऱ्याबरोबर बसवा, पण त्याचं नाव लिहून घ्या आणि संध्याकाळपर्यंत काम पुरं करा. गोदामातल्या कुणाकडे साधा फोन असू शकतो. दोन टॅबलेट हाताशी ठेवा आणि त्याची चर्चा सगळ्यांसमोर होऊ देऊ नका. आणि सुपरवायझरांना आधी कळवायला विसरू नका, नाहीतर सकाळी दहा वाजता २५ नव्या माणसांचे रजेचे अर्ज बघून त्यांना घाम फुटेल.

जे करून बघता येत नाही, त्याचा प्रसंग करा. "गैरहजेरीबाबतचे नियम" असं वाचून दाखवण्यापेक्षा पडद्यावर एवढंच ठेवा: "सकाळचे साडेसात. अंगात ताप आहे. ड्युटी नऊला. काय कराल?" खाली तीन पर्याय. अ, सहकाऱ्याला निरोप द्यायला सांगेन. ब, सुपरवायझरला फोन करीन. क, बरं वाटल्यावर येऊन अर्ज देईन. चुकीचे पर्याय हास्यास्पद नकोत. लोक प्रत्यक्षात ज्या चुका करतात त्याच तिथे हव्यात. त्या तुमच्या वहीत आहेतच. प्रत्येकाला अ, ब, क अशी तीन कार्डं द्या आणि तुम्ही तीन म्हणाल तेव्हा सगळ्यांनी एकदम वर करायची. हात वर करायला सांगितलंत तर लोक आधी शेजाऱ्याकडे बघतात.

कार्डं वर आल्यावर पुढे काय, याचा चांगला ठोकताळा हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ती त्यांनी १९९१ पासून वापरायला सुरुवात केली. ७० टक्क्यांहून अधिक उत्तरं बरोबर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचं. ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर काही न सांगता शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्यायचा आणि पुन्हा कार्डं मागायची. ३० टक्क्यांहून कमी असतील तर आपलंच सांगणं कमी पडलं, पुन्हा समजवायचं. २५ जणांत म्हणजे आठ ते सतरा बरोबर कार्डं आली तर वाद घालू द्या. खोलीत जाग येते ती याच दोन मिनिटांत. दीड तासात असे चार प्रसंग पुरतात. आठ केलेत तर त्याचीही सवय होऊन कंटाळा येतो.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांबली, बोलणारेही वाढले. तुमच्यासमोर तर एकमेकांना न ओळखणारी, नव्या नोकरीत धास्तावलेली माणसं आहेत. मनात आठपर्यंत मोजा. आणि "कुणाला काही शंका?" हे वाक्य कायमचं सोडून द्या. त्यावर नवा माणूस बोलत नाही, कारण शंका विचारणं म्हणजे आपल्याला कळलं नाही अशी कबुली, तीही पहिल्याच दिवशी. त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या वाटा: "दोघांनी मिळून एक प्रश्न लिहा, नाव नको." मध्यंतरात गोळा करा, सारखे प्रश्न एकत्र करा आणि परत आल्यावर उत्तरं द्या.

ओळख परेड बंद करा. २५ जण मिनिटभर बोलले तरी २५ मिनिटं जातात आणि ऐकत कुणीच नसतं. आपली पाळी जवळ आली की माणूस मनात स्वतःचं वाक्य घोकतो, आधीच्याने काय सांगितलं ते त्याला आठवत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं होतं. चार-पाच जणांचे गट करा, गोदामातले आणि ऑफिसातले मिसळून बसवा. एकत्र काम करताना ओळख आपसूक होते. टाळ्या वाजवायचे, फुगे फोडायचे खेळ तर नकोच. मोठ्या माणसांना त्यात पोरखेळ वाटतो आणि त्यानंतर तुम्ही सुरक्षेबद्दल बोललात की तेही त्याच रांगेत जाऊन बसतं.

विभागप्रमुखांची रांग हे दुसरं दुखणं. "दोन शब्द बोलतो" म्हणून उठलेला माणूस दोन शब्दांवर थांबल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. साहेबांना सुरुवातीची पाच मिनिटं द्या, पण विषय न देता प्रश्न द्या: "नव्या माणसाच्या कोणत्या चुकीवर तुम्ही रागावत नाही, आणि कोणत्या चुकीवर रागावता?" यावर कुणीही साहेब छापील बोलू शकत नाही, आणि लोक मान वर करून ऐकतात. बाकी प्रमुखांऐवजी सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेला एक जण बोलवा, चिठ्ठ्यांतले प्रश्न त्याला घेऊ द्या. तुम्ही तिथेच असा, कारण उत्साहात तो एखादी पळवाटही शिकवून जाईल.

सुरक्षेचा भाग स्लाइडवर दाखवू नका, पायी दाखवा. दोन तुकड्या करा, खोलीपासून बाहेर पडायच्या दारापर्यंत आणि तिथून जमायच्या जागेपर्यंत चालत न्या. अग्निशामक नळकांडं कुठे आहे, कोणतं दार आतून नेहमी उघडं असतं, कुठलं नसतं, हे जागेवर दाखवा. १५ मिनिटं लागतात. जेवणानंतर सत्र असेल तर झोप उडवायचं कामही यातच होतं.

दीड तासाची मांडणी साधारण अशी बसेल. पहिली पाच मिनिटं फक्त आजच्या दिवसाची: जेवण केव्हा, स्वच्छतागृह कुठे, सुटका किती वाजता. हे कळेपर्यंत माणूस दुसरं काही ऐकत नाही. मग साहेबांची पाच, फोनवरच्या कामाची २०, चार प्रसंगांची २०, मध्यंतर १०, सुरक्षेची फेरी १५, चिठ्ठ्यांची उत्तरं १० आणि शेवटची पाच मिनिटं हातातला कागद भरायला आणि पोचपावतीवर सह्या करायला. कायदा सल्लागाराच्या यादीत आणखी काही निघालं तर चार प्रसंगांपैकी एक त्यावर करा.

या सगळ्यात स्लाइड किती लागल्या? १५-१६ पुरतील. त्यांच्याबद्दल थोडंसंच, कारण लोक नको तितका वेळ इथे घालवतात. मथळा "रजा" असा नको, पूर्ण वाक्य हवं: "रजा हवी असेल तर आधी ॲपवर अर्ज, मग सुपरवायझरला निरोप." मथळा वाचून काम समजलं तर खाली चित्र किंवा बाण पुरतो. जे बोलणार तेच पडद्यावर लिहू नका. चित्राबरोबर नुसतं बोलणं ऐकलं तर जास्त समजतं. त्यात तोच मजकूर लेखीही टाकला तर समजणं कमी होतं, असं मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणूस वाचत असतो तेव्हा तुम्हाला ऐकत नसतो. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि शेवटच्या खुर्चीत बसून स्वतः वाचून बघा. मराठी स्लाइडला ओळींमधलं अंतर सव्वापट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर चालवणार असाल तर पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत जाऊन फाँट फाइलमध्येच साठवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर मात्र नव्याने टाइप किंवा रूपांतरित करावा लागेल, नाहीतर तिथे अक्षरांचा काला दिसेल. ॲनिमेशन सगळी काढा. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत असेल तर ठेवा, पण लावण्याआधी "यात दोन चुका आहेत, शोधा" असं काहीतरी काम द्या. नुसता लावलेला व्हिडिओ म्हणजे विश्रांती.

बोलताना लक्ष तुमच्याकडे हवं असेल तेव्हा बी हे बटण दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. कुणी मागच्या स्लाइडबद्दल विचारलं तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, उलटं एकेक पान चाळत बसू नका. पडद्याजवळचे दिवे बंद, लोकांवरचे चालू. अंधारात सगळ्यांनाच झोप येते.

बदल लागू पडला की नाही हे "सत्र आवडलं का?" या फॉर्मवरून कळणार नाही, त्यात सगळे पाचपैकी चार देतात. तुमच्या टेबलावर वही ठेवा आणि सत्रानंतरच्या दहा दिवसांत आलेला प्रत्येक प्रश्न रेघ मारून मोजा. पुढच्या बॅचला तीच मोजणी करा. एखादा प्रश्न कमी होत नसेल तर दोन शक्यता असतात: तुमचा प्रसंग नीट बसला नाही, किंवा ती पद्धतच किचकट आहे. दुसरं असेल तर ॲप सुधारायला सांगा. वाईट फॉर्म समजावून सांगण्यात कुणीही आयुष्य घालवू नये.

दहा दिवसांत हे सगळं होणार नाही आणि करूही नका. या बॅचला फक्त रजा आणि गैरहजेरीचा भाग बदला: फोनवर खोटी रजा, एक तापाचा प्रसंग, चिठ्ठ्या. त्याबद्दलच्या जुन्या स्लाइड लपवा, पुसू नका. गरज पडली तर क्रमांक टाकून उघडता येतात. परवापर्यंत आठ जणांशी बोलणं उरका, सहाव्या दिवशी खात्यांसाठी नावांची यादी पाठवा, आठव्या दिवशी दोन सहकाऱ्यांना समोर बसवून घड्याळ लावून मोठ्याने एकदा करून बघा. पहिल्या फेरीत २० मिनिटांचं ३५ होईल. तेव्हा बोलायचा वेग वाढवू नका, प्रसंगाआधीचं तुमचं प्रास्ताविक कापा. जास्तीची पंधरा मिनिटं बहुतेक तिथेच सापडतील.